दुखणं बोलू द्या



या शिबिरात कालपासून आपण शिक्षण, रोजगार, कायदा आणि संविधान यांवर बोलतोय. मला दिलेला विषय घरातला आहे. आपलं एखादं माणूस रोज दुखणं घेऊन जगत असेल, तर त्याला साथ कशी द्यायची? विषय घरातला असला तरी लहान नाही. इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरी असं कुणीतरी असेल. गुडघ्यावर हात टेकून उठणारी दादी असेल, कंबरेच्या दुखण्यानं रात्रभर कूस बदलणारे अब्बा असतील, दर महिन्याला पोट धरून बसणारी बहीण असेल, नाहीतर अर्धशिशी उठली की खोलीत अंधार करून पडून राहणारी मैत्रीण असेल.

मी डॉक्टर नाही आणि आलिमही नाही. पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. माझी पात्रता एवढीच की माझ्या अम्मीला गेली सहा वर्षं सांध्यांचा आजार आहे. डॉक्टर त्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, आपल्याकडे आमवात म्हणतात. अम्मी, अब्बा, मोठा भाई आणि भाभी कराडला असतात, मी पुण्याला. या सहा वर्षांत आमचं घर जे शिकलं ते सांगतो.

माझा मुद्दा एकच आहे. दुखणाऱ्या माणसाला द्यायची पहिली मदत म्हणजे त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवणं आणि त्याला ते मोकळेपणानं सांगू देणं. डॉक्टर, औषध, मालिश, दुआ हे सगळं हवंच, पण त्याची सुरुवात इथून होते. आणि आपल्या घरांमध्ये, विशेषतः बायकांच्या बाबतीत, नेमकी हीच पायरी गाळली जाते.

न दिसणारं दुखणं

हात मोडला तर प्लास्टर दिसतं. ताप आला तर थर्मामीटर आकडा दाखवतो. दुखणं मोजणारं असं यंत्र कुठल्याही दवाखान्यात नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिने २०२० मध्ये वेदनेची आपली जुनी व्याख्या सुधारली आणि सोबत काही टिपा जोडल्या. त्यातल्या एका टिपेचा अर्थ असा की, मला वेदना होतात असं माणूस सांगत असेल तर त्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. जगभरातल्या तज्ज्ञांना हे लिहून ठेवावंसं वाटलं, कारण हा मान बऱ्याचदा राखला जात नाही.

आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो. ग्राहक फोन करून सांगतो, तुमचा प्रोग्रॅम मधेच बंद पडतो. इंजिनिअर स्वतःच्या मशीनवर चालवून बघतो आणि म्हणतो, माझ्याकडे तर चालतोय. म्हणून ग्राहक खोटं बोलतोय असं ठरत नाही. आपल्याला बिघाड अजून सापडलेला नाही, एवढंच ठरतं. घरात आपण तेच करतो. 'रिपोर्ट तर नॉर्मल आहे, मग दुखतं कसं?' 'काल तर लग्नात चांगली हसत होतीस.' काल हसली याचा अर्थ काल दुखत नव्हतं असा होत नाही. दुखत असतानाही माणसं हसतात, स्वयंपाक करतात, पाहुण्यांना चहा देतात.

विश्वास ठेवल्यानंतरची पायरी म्हणजे नीट विचारणं. 'दुखतंय का?' या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं. इब्न सीनाने हजार वर्षांपूर्वी आपल्या 'अल-कानून' या वैद्यकग्रंथात वेदनेचे पंधरा प्रकार सांगितले होते.  आपल्या बोलीतही शब्दांची कमी नाही. ठणका लागतो, कळ येते, चमक निघते, आग होते, सुया टोचतात, मुंग्या येतात, आखडून जातं. या शब्दांमध्ये डॉक्टरला दिशा सापडते. आग आणि मुंग्या असतील तर नसेकडे लक्ष जातं. सकाळी आखडलेलं अंग हालचाल केल्यावर मोकळं होत असेल तर सांध्यांना आतून सूज असण्याची शक्यता असते. दिवसभराच्या कामानं दुखणं वाढत असेल तर झिजेचा विचार होतो. निदान डॉक्टरच करतील, पण हे शब्द त्यांच्यापर्यंत पोचवायचं काम आपलं आहे.

'उमर हो गई'

अम्मीनं वीस वर्षांहून जास्त शिलाई केली. ब्लाऊज, बुरखे, शाळेचे गणवेश. एका हिवाळ्यात तिच्या दोन्ही हातांची बोटं सुजायला लागली. सकाळी मूठ वळेना, सुईत दोरा जाईना. शेजारच्या बायका म्हणाल्या, उमर हो गई. तेव्हा अम्मी एकोणपन्नास वर्षांची होती.

या आजारात शरीराची रोगप्रतिकारक शक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो दोन ते तीन पट जास्त दिसतो. वयाशी त्याचं लग्न लागलेलं नाही, तिशीतल्या मुलीलाही होतो. सुरुवातीच्या काळातच योग्य उपचार मिळाले तर सांधे वाचवता येतात. एकदा हाड झिजून बोट वाकडं झालं की औषधानं ते पुन्हा सरळ होत नाही. म्हणजे 'उमर हो गई' हे वाक्य ऐकायला मायेचं वाटतं, पण त्यात जे महिने जातात ते परत मिळत नाहीत.

अम्मीचे असे काही महिने एका पुडीत गेले. कुणीतरी नातेवाईक जवळच्या गावातून पुड्या घेऊन आले. जडीबुटी आहे, सुट्टी नाही द्यायची, म्हणाले. तीन दिवसांत सूज उतरली, जादू झाल्यासारखी. दोन महिन्यांनी अम्मीचा चेहरा गोल झाला आणि साखर वाढली. पुण्यातल्या संधिवाततज्ज्ञांनी चेहरा बघितल्याबरोबर विचारलं, कुठली पुडी चालू आहे? अशा पुड्यांमध्ये बऱ्याचदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. स्टिरॉइड हे खरं औषध आहे, डॉक्टर ते मोजून-मापून देतात. पण नाव आणि प्रमाण माहीत नसताना महिनोन्महिने घेतलं तर मधुमेह होऊ शकतो, हाडं ठिसूळ होतात. आणि ते एकदम बंद करणंही धोक्याचं असतं. तुमच्या घरी कुणी अशी पुडी घेत असेल तर रागावून ती नाल्यात फेकू नका. पुडी खिशात घाला आणि त्या माणसाला सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.

अल्हम्दुलिल्लाह आणि रिपोर्ट

दर भेटीला अम्मी कराडहून सुमारे १६० किलोमीटरचा प्रवास करून पुण्याला यायची. इस्त्रीचा बुरखा, नीट बांधलेला रुमाल. डॉक्टर विचारायचे, काकू, कसं आहे? अम्मी म्हणायची, अल्हम्दुलिल्लाह, ठीक हूँ. डॉक्टर कागदावर लिहायचे 'बरं आहे', आणि औषध तेच पुढे चालू राहायचं. बाहेर बाकावर बसल्यावर पर्सची चेन मात्र तिला स्वतः उघडता यायची नाही.

अम्मी खोटं बोलत नव्हती. तिच्या दृष्टीनं ते शुक्र होतं. अल्लाहनं दिलेल्याबद्दल तक्रार करायची नाही, असं तिच्या अम्मीनं तिला शिकवलं होतं. म्हणून आम्ही तिला शुक्र सोडायला सांगितलं नाही. पुढचं वाक्य जोडायला सांगितलं. मग एकदा ती डॉक्टरांना म्हणाली, 'अल्हम्दुलिल्लाह, ठीक हूँ, लेकिन ये दो उंगलियां रात कू सोने नै देते.' डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि तिचा हात हातात घेऊन ती दोन बोटं तपासली.

तिथून आमच्या घरात वही सुरू झाली. भाईची मुलगी तेव्हा आठवीत होती. रोज रात्री ती दादीला चार गोष्टी विचारून लिहायची. उठल्यापासून मूठ पूर्ण वळायला किती वेळ लागला? वुजूचा नळ एकटीनं उघडता आला का? रात्री दुखण्यानं किती वेळा जाग आली? आणि शून्य ते दहामध्ये आजचं दुखणं किती? सगळं मिळून दोन मिनिटांचं काम. चार आठवड्यांची वही डॉक्टरांनी दोन मिनिटांत वाचली. सकाळचं आखडलेपण अडीच-तीन तास टिकतंय हे त्यांना आकड्यात दिसलं आणि त्यांनी एक औषध वाढवलं. तीन महिन्यांनी वहीत अडीच तासांच्या जागी चाळीस मिनिटं आली. वही नसती तर पुन्हा 'बरं आहे' लिहून आम्ही परतलो असतो.

तुम्ही सगळे मोबाइलवर तरबेज आहात. वही नको असेल तर मोबाइलमध्ये लिहा. फक्त प्रश्न हातापायांच्या रोजच्या कामातले ठेवा. डब्याचं झाकण, शर्टाचं बटण, जिना, पोळी लाटणं. 'खूप दुखतं' या शब्दांपेक्षा 'आज पोळी लाटता आली नाही' हे डॉक्टरांना लवकर समजतं. दवाखान्यात सोबत गेलात तर मधे मधे बोलू नका. आधी तिला बोलू द्या. राहिलेलं तुम्ही वहीतून सांगा.

सब्र

आता सब्रविषयी. आजारी माणसाला भेटायला आलेला प्रत्येक जण हा शब्द बोलून जातो. 'सब्र करो, आजमाइश है.' म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण ज्याच्या कानावर तो दिवसातून पाचदा पडतो, त्याला त्याचा अर्थ असा लागतो की, तुझं दुखणं आता पुन्हा सांगू नकोस.

कुरआनातला सब्र मी वाचतो तेव्हा मला हा अर्थ दिसत नाही. आजारात सब्र म्हटलं की पहिलं नाव हजरत अय्यूब यांचं येतं. त्यांनी आपल्या रबला हाक मारून मला तकलीफ झाली आहे असं स्पष्ट सांगितलं, हे कुरआनातच आहे. आणि त्याच अय्यूबना कुरआन साबिर म्हणतो. हजरत याकूब मुलाच्या विरहात इतके रडले की त्यांची दृष्टी गेली. त्यांच्या सब्रबद्दलही कुणाला शंका नाही. हदीसमध्ये येतं की हजरत आयशांचं डोकं दुखत होतं आणि त्या कण्हत होत्या, तेव्हा पैगंबर साहेबांनी त्यांना गप्प केलं नाही. उलट आपलंही डोकं दुखत असल्याचं सांगितलं. एकदा आजारपणात त्यांनी आपला ताप दोन माणसांएवढा असल्याचं सोबत्याला सांगितलं. दुखणं बोलून दाखवल्यानं सब्र मोडत असता, तर या गोष्टी आपल्यापर्यंत पोचल्या नसत्या.

सवलतींचंही तसंच आहे. इम्रान इब्न हुसैन यांना मूळव्याध होती. त्यांनी नमाजविषयी विचारलं तेव्हा त्यांना सांगितलं गेलं की उभं राहून पढा, जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर. पाण्यानं त्रास होणाऱ्या आजाऱ्याला तयम्मुमची मुभा आहे. आजाऱ्याला रोजा सोडायची मुभा खुद्द कुरआनात आहे. या सवलती कुणाच्या आळसासाठी दिलेल्या नाहीत. दुखणारं शरीर खरं आहे, हे त्यात मान्य केलेलं आहे.

तरीही त्या वापरणं सोपं नसतं. स्टिरॉइड हळूहळू कमी करण्याचा काळ चालू असताना रमजान आला. साखर वरखाली होत होती, डॉक्टरांनी रोजे ठेवू नका म्हणून सांगितलं. अम्मी दोन दिवस रडली. तिला भूक-तहानेची भीती नव्हती. 'रोजा है क्या?' असं मोहल्ल्यातली प्रत्येक बाई विचारणार आणि प्रत्येक वेळी मान खाली घालून आजार सांगावा लागणार, याचं तिला दुःख होतं. तेव्हा अब्बांनी एक काम केलं. त्यांनी स्वतः ही गोष्ट चार घरांत सांगितली. डॉक्टरांनी मना केलंय, फिदया दिलाय, हिला कुणी विचारू नका. त्या महिन्यात अम्मी सहरीला सगळ्यांसोबत उठायची, खुर्चीवर बसून तहज्जुद पढायची. अब्बांनी तिच्या वतीनं ऐकून घेतले ते टोमणे तिच्यापर्यंत पोचले नाहीत. साथ देणं म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी अब्बांचा तो रमजान सांगतो.

इथे मुलींना एक सांगतो, आणि मुलांनीही ऐकावं. घरातल्या पुरुषाची कंबर दुखली तर त्याला आराम मिळतो आणि बाईची दुखली तर तिला सब्र मिळतो. ही वाटणी धर्मानं केलेली नाही. आपण केली आहे. पाळीत दर महिन्याला असह्य दुखणं, बाळंतपणानंतरची कंबरदुखी, लाजेनं न सांगितलेलं लघवीचं दुखणं, या सगळ्यांवर डॉक्टर आहेत. 'सगळ्या बायकांना होतं' हे त्यावरचं औषध नव्हे.

मदत कुठे थांबते

प्रेमाच्या भरात आपण आजाऱ्याच्या हातातून एकेक गोष्ट काढून घेतो. भाईला वाटलं, मशीन डोळ्यांसमोर असेल तर अम्मी शिवत बसेल, विकून टाकू. गिऱ्हाईकही आलं. अम्मी म्हणाली, 'दर्द मेरा है, मशीन भी मेरी है. बेचना कब वो मैं बोलूंगी.' भाईनं गिऱ्हाइकाला परत पाठवलं.

मग आम्ही उलट दिशेनं विचार केला. तिला शिवायचंच असेल तर कसं जमेल? मशीनला मोटार बसवली. जाड मुठीची कात्री आणली. तिचे सांधे अकरा ते बाराच्या सुमाराला सगळ्यांत मोकळे असतात हे वहीत दिसत होतं, म्हणून तो तास शिलाईचा ठरला. वुजूच्या जागी फिरवायच्या नळाऐवजी दांडीचा नळ लावला, जो मनगटानंही ढकलता येतो. हिवाळ्यात गरम पाणी. दाराच्या गोल मुठी काढून खटके बसवले. सगळा खर्च मिळून एका बऱ्या मोबाइलपेक्षा कमी झाला.

फिजिओथेरपिस्टनी दोन गोष्टी शिकवल्या. एक, पूर्ण आरामानं सांधे आणखी आखडतात, म्हणून रोज हलका व्यायाम हवा. दोन, चांगल्या दिवशी सगळी कामं उरकायची नाहीत. आज बरं वाटतंय म्हणून चादरी धुतल्या की पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात. चांगल्या दिवशी थोडं राखून ठेवायचं आणि वाईट दिवशीही थोडं हलायचं. अशा वेळी साथ देणाऱ्याचं काम म्हणजे फक्त आठवण करून देणं. हुकूम सोडायचा नाही.

खिदमत कुणाची?

आता थोडं बोचणारं बोलतो. घरात आई आजारी पडली की मुलगा म्हणतो, मी अम्मीची खिदमत करतो. प्रत्यक्षात खिदमत त्याची बायको करत असते. आई-वडिलांशी भलाईनं वागण्याचा कुरआनचा हुकूम त्यांच्या लेकरांना आहे. सून करते ते तिचे उपकार आहेत, आणि उपकार मोजायचे असतात.

आमच्याकडे कागदावर वाटणी झाली, कारण तोंडी वाटणीत नेहमी भाभीच्या वाट्याला जास्त येत होतं. सकाळचं गरम पाणी आणि व्यायाम अब्बांकडे. औषधांचा डबा आणि रक्ततपासण्या भाईकडे. दवाखाना, खर्च आणि रात्रीचा फोन माझ्याकडे. स्वयंपाक भाभीकडे, पण रविवारी भाई करतो. आणि वर्षातून दोनदा भाभी आठवडाभर माहेरी जाते तेव्हा मी कराडला येऊन राहतो. पहिल्यांदा राहिलो तेव्हा तिसऱ्या दिवशी मी चिडलो होतो, थकलो होतो. साथ देणारा थकतो. त्याला राग येतो. यात नवल नाही आणि गुनाहही नाही. त्यालाही सुट्टी लागते, आणि 'तू कशी आहेस?' हे कुणीतरी भाभीलाही विचारायला लागतं.

आजाऱ्याला भेटायला जाणं, अयादत, हे आपल्याकडे मोठं पुण्याचं काम मानलं जातं. ते करताना थोडक्यात बसा. दुसऱ्या कुणाच्या आजाराच्या गोष्टी सांगू नका. नवी पुडी, नवा बाबा सुचवू नका. 'काही लागलं तर सांग' असं म्हणण्यापेक्षा 'गुरुवारी मी बाजारात चाललोय, तुमची भाजी आणू का?' असं विचारा.

औषधाची भीती

या आजारात नेहमी दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. आमच्या घरी त्याचा वार जुमा ठरला आहे. त्या दिवशी भाई स्वतः गोळी हातात देतो आणि कॅलेंडरवर खूण करतो. ठरलेल्या मुदतीनं यकृताच्या आणि रक्ताच्या तपासण्या होतात. याचा गुण यायला आठवडे लागतात, पहिल्या महिन्यात 'काही फरक नाही' म्हणून लोक ते सोडून देतात. आणि दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर पोटाला आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. घरच्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

आमवाताहून वेगळी, पण आपल्या घरांत भेटणारी आणखी एक भीती आहे. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यात डॉक्टर मॉर्फिन लिहून देतात तेव्हा घरचे म्हणतात, ही अफूपासून बनते, नशा आहे, हराम आहे. गरजेपोटी, उपचार म्हणून दिलेल्या अशा औषधाला उलेमांनी सहसा मुभा दिली आहे. शंका असेल तर आपल्या मुफ्तींना विचारा, पण लवकर विचारा, कारण तोवर रुग्ण तळमळत असतो. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे आपल्या देशात मॉर्फिन मिळणं फार अवघड झालं होतं. २०१४ मध्ये संसदेनं तो कायदा दुरुस्त करून वैद्यकीय वापराची वाट थोडी सोपी केली. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांच्या वेदना कमी करण्याचं काम करतं. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात यासाठी वेगळा विभाग आहे. ही नावं लिहून घ्या. तुमच्या ओळखीत कुणाला तरी लागतील.

मोहल्ल्यानं काय करावं

शेवटचा मुद्दा घराबाहेरचा. केरळमध्ये कोझिकोडला १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांच्या पुढाकारानं वेदना आणि परिहार सेवेचं केंद्र सुरू झालं. त्यातून पुढे मलप्पुरम या मुस्लिमबहुल जिल्ह्यात शेजाऱ्यांचं जाळं उभं राहिलं. दुकानदार, शिक्षक, रिक्षावाले, कॉलेजची मुलं-मुली असे साधे लोक थोडं प्रशिक्षण घेऊन आठवड्यातले काही तास अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊ लागले. लोकांच्या छोट्या-छोट्या देणग्यांतून परिचारिका आणि औषधं यांचा खर्च भागू लागला. सगळ्या धर्मांचे रुग्ण, सगळ्या धर्मांचे कार्यकर्ते. २००८ मध्ये केरळ सरकारनं या सेवेसाठी धोरण केलं. आधी मोहल्ला हलला, मग सरकार हललं.

आपण मलप्पुरम एका दिवसात होणार नाही. पण या शिबिरातून गावी परतताना तीन कामं घेऊन जाता येतील. पहिलं, प्रत्येक मोहल्ल्यात पाच जणांचा गट, त्यात किमान दोन मुली, कारण बायका आपलं दुखणं बायकांनाच सांगतील. दुखणं घेऊन जगणाऱ्यांच्या घरी आठवड्यातून एक तास जायचं, वही सुरू करून द्यायची, दवाखान्यात सोबत जायचं. दुसरं, मशिदीत भिंतीलगत चार खुर्च्या, वुजूखान्यात एक दांडीचा नळ, आणि खतीब साहेबांना विनंती की एका जुम्याच्या बयानात आजाऱ्यांच्या सवलती समजावून सांगा. तिसरं, सरकारी रुग्णालयात संधिवाताचा किंवा वेदनेचा बाह्यरुग्ण विभाग आहे का, कुठल्या वारी असतो, हे विचारायचं. नसेल तर लेखी मागायचं. संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात आरोग्य येतं, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलेलं आहे. कालच्या सत्रात आपण तो हक्क शिकलो. तो आपल्या दादीच्या गुडघ्यांनाही लागू आहे.

अम्मी बरी झालेली नाही. हा आजार काबूत राहतो, पूर्ण जात नाही. तिची दोन बोटं आता वाकडी आहेत. पण ती सकाळी नळ स्वतः उघडते, अकराला मशीनवर बसते, आणि दुखत असलं की सांगते. सांगितल्यावर घरातलं कुणीही तिला 'सब्र कर' म्हणत नाही. 'कुठं? कसं? कधीपासून?' असं विचारतं.

आज रात्री घरी फोन कराल तेव्हा तुमच्या माणसाला हे तीन प्रश्न विचारा. उत्तर येईपर्यंत फोन ठेवू नका.